न जाळलेल्या कोळशाचा नफा

सौर पॅनेलच्या किमतीचा आलेख हा भांडवलशाहीच्या बाजूने मांडता येईल असा गेल्या अर्धशतकातला सर्वांत बिनतोड पुरावा आहे. १९७६ साली एक वॅट क्षमतेच्या पॅनेलसाठी, महागाईचा हिशेब धरून, शंभराहून अधिक डॉलर मोजावे लागत. २०१९ पर्यंत हीच किंमत अर्ध्या डॉलरच्या खाली उतरली आणि त्यानंतरही तिची घसरण थांबलेली नाही. जगात बसवलेल्या पॅनेलांची एकूण क्षमता दुप्पट झाली की किंमत साधारण २० टक्क्यांनी खाली येते, हे प्रमाण दशकानुदशके टिकून आहे. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीची कहाणीही अशीच असून तिची किंमत तेव्हापासून सुमारे ९७ टक्क्यांनी घसरली आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेसारख्या जाणत्या संस्थेचे सौरऊर्जेविषयीचे अंदाजही वर्षानुवर्षे प्रत्यक्षाच्या मागेच पडत राहिले.

दुसरा आलेख याहून जुना आहे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. या चढत्या रेषेवर पॅनेल स्वस्त झाल्याची एखादी खूण, एखादा उतार, निदान एखादी सपाट जागा दिसते का, हे मी अनेकदा शोधले आहे, पण तशी जागा अजून तरी सापडलेली नाही.

पहिला आलेख पाहणारे म्हणतात की बाजार आपले काम करतो आहे, त्याला करू द्यावे. दुसरा पाहणारे म्हणतात की ज्या व्यवस्थेने हा धूर सोडला तिच्याकडूनच उपायाची अपेक्षा ठेवणे हा भाबडेपणा आहे. हा वाद मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी बोलूनही पाहिले आहे. दोन्ही आलेख खरे असतील, तर वादाचा प्रश्नच चुकीच्या जागी बसलेला असावा, असे मला हळूहळू वाटू लागले. भांडवलशाही हवामानबदल सोडवू शकेल का, असे विचारताना आपण दोन निरनिराळी कामे एकाच नावाखाली घालतो. एक काम नवे काही उभारण्याचे आहे आणि दुसरे काम जुने बंद करण्याचे. पहिल्या कामात ही व्यवस्था अतुलनीय आहे. दुसऱ्या कामासाठी तिच्याकडे प्रेरणाच नाही, कारण जमिनीखाली राहिलेल्या कोळशावर कोणालाही लाभांश मिळत नाही. २०२४ मध्ये जगाने सुमारे ८.८ अब्ज टन कोळसा वापरला, हा तोवरचा उच्चांक होता. आणि त्याच वर्षी जगात तोवर कधी बसली नव्हती इतकी सौर पॅनेल बसली. या दोन घटनांत बाजाराला कोणतीही विसंगती दिसत नाही, कारण त्याने दोन्ही ठिकाणी मागणी पुरवलेली असते.

पॅनेल स्वस्त कोणी केली, हेही नीट पाहिले पाहिजे, कारण त्या श्रेयावर सगळेच हक्क सांगतात. सिलिकॉनचे व्यवहार्य सौरघट १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झाले. त्यांचा पहिला महत्त्वाचा ग्राहक अंतराळ कार्यक्रम होता. १९५८ च्या व्हॅन्गार्ड-१ उपग्रहावर हे घट बसवले गेले, आणि तिथे किमतीची फिकीर कोणाला नव्हती. पुढे २००० साली जर्मनीने कायदा करून सौरविजेला दीर्घ मुदतीचा, ठरलेला, चढा दर दिला आणि त्याचा बोजा वीजग्राहकांवर टाकला. त्या खात्रीच्या मागणीवर चीनमध्ये स्थानिक सरकारांच्या आणि बँकांच्या पाठबळाने प्रचंड कारखाने उभे राहिले. म्हणजे बी सार्वजनिक पैशाचे होते. मात्र त्यानंतर जे झाले ते कोणत्याही सरकारी कचेरीला जमले नसते. कंपन्यांनी सिलिकॉनची चकती पातळ केली, वाया जाणारा कण वाचवला, एकमेकींचे दर पाडले आणि या शर्यतीत कित्येक बुडाल्या. जर्मनीची क्यू-सेल्स २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि काही काळ जगातली सर्वांत मोठी पॅनेल उत्पादक असलेल्या चीनच्या सनटेकवर पुढच्याच वर्षी तीच पाळी आली. भांडवलशाहीने हवामानाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी बऱ्याच अंशी भांडवलदारांच्या बुडालेल्या पैशातून आली आहे. या गोष्टीतला उपरोध तिच्या समर्थकांच्या आणि टीकाकारांच्याही फारसा लक्षात येत नाही.

या उपरोधातच पुढची अडचण आहे. स्वस्त असणे आणि फायदेशीर असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि भांडवल स्वस्ताईच्या मागे जात नाही, परताव्याच्या मागे जाते. ब्रिटिश पेट्रोलियम, म्हणजेच बीपी, या कंपनीचा प्रवास यासाठी पाहण्यासारखा आहे. २०२० मध्ये तिने २०३० पर्यंत तेल आणि वायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या तेल कंपनीने स्वतःहून उत्पादन घटवण्याचे असे वचन देणे अभूतपूर्व होते. २०२३ मध्ये ते उद्दिष्ट २५ टक्क्यांवर आले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते सोडूनच देऊन तेल-वायूतली गुंतवणूक वाढवण्याचे ठरले. मधल्या काळात युक्रेन युद्धाने तेलाचे भाव चढले होते, आणि ज्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी असे वचन दिलेच नव्हते त्यांचे समभाग बीपीच्या पुढे गेले होते. या निर्णयात मला खलनायक दिसत नाही. संचालक मंडळाने भागधारकांच्या हिताचा विचार केला, म्हणजे त्याच्याकडून व्यवस्थेची जी अपेक्षा होती तीच पूर्ण केली. एखादी कंपनी वाईट वागली म्हणून हे घडले असते, तर चांगली कंपनी शोधून प्रश्न मिटला असता.

सूर्य आणि वाऱ्याच्या विजेला आणखी एक विचित्र शाप आहे. दुपारी ऊन चढते तेव्हा सगळ्यांचीच पॅनेल एकदम वीज देऊ लागतात आणि घाऊक बाजारात विजेचा भाव कोसळतो. जर्मनीत २०२४ मध्ये ४५० हून अधिक तास असे होते की भाव शून्याच्याही खाली गेला, म्हणजे वीज खपवण्यासाठी उत्पादकालाच पैसे मोजावे लागावेत अशी स्थिती आली. पॅनेल जितकी अधिक, तितकी नेमक्या त्या तासांतली कमाई कमी; यश स्वतःच्याच नफ्याला खात जाते. साठवणुकीच्या बॅटऱ्या हा खड्डा काही प्रमाणात भरून काढत आहेत आणि पुढेही काढतील. तरीही ठरलेल्या दराचा दीर्घ करार, म्हणजे पुन्हा सरकारची किंवा एखाद्या मोठ्या खरेदीदाराची हमी असल्याशिवाय बँका अशा प्रकल्पांना सहसा हात लावत नाहीत. शिवाय सौर आणि पवन प्रकल्पांत जवळपास सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो, इंधनाचा खर्च पुढे काही नसतो, त्यामुळे त्यांचे नशीब व्याजदरावर टांगलेले असते. समुद्री पवनऊर्जेतली आघाडीची डॅनिश कंपनी ऑर्स्टेड हिने २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळचे दोन मोठे प्रकल्प सोडून दिले, त्यामागे वाढलेले व्याजदर हे एक प्रमुख कारण होते. आणि जिथे व्याज कायमच महाग असते तिथले काय? जगातल्या सर्वोत्तम सौर क्षेत्रांपैकी सुमारे ६० टक्के आफ्रिकेत असूनही जगाच्या सौर क्षमतेत तिचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. तिथे जोखीम अधिक मानून बँका व्याज वाढवून घेतात, आणि म्हणून जे ऊन फुकट आहे तेच तिथे महाग पडते.

यावर अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तकी उत्तर जुने आणि देखणे आहे. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडले की एखाद्याच्या व्यवहाराचा तोटा तिऱ्हाइताला सोसावा लागत असेल, तर तेवढा कर त्या व्यवहारावर बसवावा. मग बाजार आपोआप शहाणा होतो. कार्बनवर कर बसवण्यामागचे तत्त्व हेच आहे. ते चालते, हेही मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशापासून होत होती. दुसऱ्याच वर्षी सरकारने कार्बनला किमान किंमत लावली, पुढे तो अधिभार टनामागे १८ पौंडांवर नेला, आणि कोळशाचा हिस्सा काही वर्षांतच नगण्य झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथले शेवटचे कोळसा केंद्र बंद पडले. लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर १८८२ मध्ये ज्या देशाने सार्वजनिक विजेसाठी कोळसा पेटवला, त्यानेच तो विझवला. पण हे इतक्या सहजासहजी का झाले? एक तर नैसर्गिक वायूची केंद्रे तयारच होती. दुसरे म्हणजे बहुतेक खाणी त्याआधीच, हवामानाशी संबंध नसलेल्या कारणांनी आणि अतिशय कटू संघर्षानंतर बंद झाल्या होत्या, त्यामुळे या कराविरुद्ध मते मागणारे फारसे कोणी उरले नव्हते.

युरोपीय संघाच्या उत्सर्जन परवान्यांच्या बाजाराचा अनुभव याहून बोलका आहे. २००५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा उद्योगांच्या आग्रहाखातर कार्बन सोडण्याचे परवाने इतके वाटले गेले की २००७ पर्यंत त्यांचा भाव शून्यावर आला. पुढेही कित्येक वर्षे तो दहा युरोंच्या खाली रेंगाळला. मग राजकीय निर्णय घेऊन परवाने आवळले गेले आणि २०२३ मध्ये भावाने १०० युरोंचा टप्पा ओलांडला. त्या व्यवस्थेखालच्या उद्योगांचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. बाजार तोच होता आणि नियमही बहुतेक तेच होते. बदलला तो फक्त वरून घातलेला आकडा. तो आकडा कुठे असावा हे मात्र बाजार सांगू शकत नाही. ते संसदेत ठरते, आणि संसदेच्या दारात उद्योगांचे प्रतिनिधी उभे असतात. आजही जगातल्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे चौथा हिस्साच कोणत्या ना कोणत्या कार्बन किमतीखाली येतो, आणि त्यातही बहुतांश ठिकाणी ती किंमत नावापुरतीच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी काळाचा प्रश्न आहे, आणि मला तोच सर्वांत अवघड वाटतो. शंभर वर्षांनी होणाऱ्या नुकसानीची आजची किंमत काढताना अर्थतज्ज्ञ एक वटाव दर धरतात, म्हणजे भविष्यातली रक्कम दर वर्षामागे किती टक्क्यांनी कमी लेखायची ते ठरवतात. वर्षाला पाच टक्के दर धरला तर शंभर वर्षांनंतरच्या शंभर डॉलरच्या नुकसानीची आजची किंमत एक डॉलरही होत नाही. दर १.४ टक्के धरला तर तेच नुकसान आज सुमारे पंचवीस डॉलरचे ठरते. २००६ मध्ये निकोलस स्टर्न यांनी आपल्या अहवालात साधारण हा दुसरा दर वापरला आणि तातडीने, मोठ्या प्रमाणावर कृती करावी असा निष्कर्ष काढला. विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारातल्या प्रत्यक्ष परताव्याच्या जवळ जाणारा चढा दर वापरला. त्यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांच्या प्रतिमानातला किफायतशीर मार्ग शतकाच्या अखेरीस तापमान सुमारे साडेतीन अंशांनी वाढू देणारा होता. विज्ञान एकच, पृथ्वीही एकच, आणि टक्केवारीच्या एका रकान्यामुळे दोन निरनिराळी भविष्ये निघाली. नॉर्डहाउस यांच्यावर यासाठी पुष्कळ टीका झाली आहे, पण मला ते निदान प्रामाणिक वाटतात. बाजार भविष्याकडे कसा पाहतो हे त्यांनी लपवले नाही. फ्रँक रॅमसे या तरुण गणितज्ञाने १९२८ मध्येच लिहून ठेवले होते की नंतरच्या लोकांचे सुख केवळ ते नंतर येते म्हणून कमी लेखणे नीतीला धरून नाही आणि त्यामागे कल्पनाशक्तीचा दुबळेपणा आहे. भांडवलाच्या बाजारात हा दुबळेपणा कोणा एकाच्या मनात नसतो, तो व्याजदरातच मुरलेला असतो. त्यामुळे उदार मनाचा गुंतवणूकदारही त्यातून सुटत नाही.

मग भांडवलशाहीच मोडावी का? या उत्तरावर मी फार रेंगाळणार नाही, कारण विसाव्या शतकाने त्याची चाचणी घेतलेली आहे. खासगी नफा नसलेल्या सोव्हिएत संघाने कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला, आणि पूर्व जर्मनीने लिग्नाइट हा हलक्या प्रतीचा कोळसा जाळून आपली हवा युरोपातल्या सर्वांत घाणेरड्या हवांपैकी एक करून ठेवली. आजही जगातल्या तेलसाठ्यांचा मोठा भाग सरकारी कंपन्यांच्या हाती आहे आणि त्या तो उपसण्यात खासगी कंपन्यांपेक्षा मागे नाहीत. उत्पादनाच्या आकड्यालाच पूजणारी कोणतीही व्यवस्था हेच करील. मालकी बदलल्याने ‘पुरे’ म्हणण्याची क्षमता आपोआप येत नाही.

तरीही बंद करण्याची कामे माणसांनी पूर्वी केलेली आहेत. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की काठावरच्या संसदेत बसणे अशक्य झाले, आणि वर्षानुवर्षे खर्चावरून अडलेला सांडपाण्याचा कायदा काही दिवसांत संमत झाला. जोसेफ बाझल्जेट यांनी आखलेली भुयारी गटारे खासगी कंत्राटदारांनी बांधली आणि त्यावर पैसाही कमावला. स्वच्छ नदीसाठी दारोदार गिऱ्हाईक शोधत बसले असते, तर त्यांना एकही वीट रचता आली नसती. वातावरण स्वच्छ ठेवणे हे काम त्याच जातीचे आहे. बाजार त्यात उत्तम कंत्राटदार ठरू शकतो, पण कामाचा आदेश त्याला दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो. ओझोनच्या बाबतीत तो आदेश वेळेवर निघाला. अंटार्क्टिकावरची ओझोनची विरळता १९८५ मध्ये जाहीर झाली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि ओझोनचा नाश करणाऱ्या, शीतकरणात वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन रसायनांची सर्वांत मोठी उत्पादक असलेल्या, आधी अनेक वर्षे निर्बंधांना विरोध केलेल्या ड्यूपाँ कंपनीने १९८८ मध्ये त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले. पर्यायी रसायनांच्या बाजारातही तीच पुढे होती.

कोळसा आणि तेल यांच्या बाबतीत हा धडा जसाच्या तसा लागू होत नाही. शीतकरणाची रसायने हा मोठ्या कंपन्यांच्या व्यवसायाचा एक कोपरा होता. जीवाश्म इंधने आजही जगाच्या प्राथमिक ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग पुरवतात. इतक्या मोठ्या उद्योगाला आपले भवितव्य ठरवणाऱ्या राजकारणात हात घालणे परवडते. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीचे जे अंदाज बांधले होते ते पुढे बऱ्यापैकी अचूक ठरले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे कंपनी जाहीरपणे या विज्ञानाविषयी शंका पसरवत राहिली. हे मला बीपीच्या माघारीपेक्षा कितीतरी गंभीर वाटते. बीपी बाजाराच्या नियमांनुसार खेळली. इथे खेळाचे नियम ठरवणाऱ्यांच्याच डोळ्यांत धूळ फेकली गेली. आदेश देणारी संस्थाच विकत घेता येत असेल, तर कंत्राटदार कितीही कुशल असला तरी काय उपयोग?

आणि समजा आदेश निघालाच, तर बंद पडणाऱ्या मालमत्तेची भरपाई कोणी द्यायची? ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. ती सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती, तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ मध्ये फिटला, आणि ती सगळी रक्कम मालकांना मिळाली; मुक्त झालेल्यांच्या हाती काही पडले नाही. माणसे आणि खाणी यांची तुलना तंतोतंत होऊ शकत नाही, पण नफा देणारी मालमत्ता कायद्याने बंद करताना पैसा कोणत्या दिशेने वाहतो हे त्यातून दिसते. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा सोडण्याचा कायदा केला तेव्हा लिग्नाइट कंपन्यांसाठी ४.३५ अब्ज युरो ठेवले. नेदरलँड्सने कोळशाची वीज बंद करण्याचे ठरवले म्हणून जर्मन कंपनी आरडब्ल्यूईने २०२१ मध्ये त्या देशावर एका गुंतवणूक कराराखाली सुमारे १.४ अब्ज युरोंचा दावा लावला. तो पुढे मागे घेतला गेला.

श्रीमंत देश अशी भरपाई देऊ तरी शकतात. आशियातली कोळसा केंद्रे सरासरी पंधरा वर्षांच्या आतबाहेरची आहेत, त्यांचे आयुष्य चाळीस वर्षे किंवा अधिक असते आणि त्यांची कर्जे अजून फिटायची आहेत. त्यांना मुदतीआधी थांबवायचे तर कोणाचा तरी पैसा लागणार, आणि बाजार तो स्वतःहून देणार नाही. यासाठी २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत दक्षिण आफ्रिकेला ८.५ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर झाले, पुढच्या वर्षी इंडोनेशियासाठी २० अब्ज डॉलरची घोषणा झाली. तपशील बाहेर आले तेव्हा त्यात अनुदान थोडे आणि कर्जच फार होते. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या व्यवस्थेतून बाहेर पडली. दक्षिण आफ्रिकेतले कोमाटी हे १९६१ पासूनचे केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. तिथे सौर पॅनेल बसवायची होती, कामगारांना नवे कौशल्य शिकवायचे होते, पण गावातली कमाई आधी गेली आणि नवी कामे मागाहून, तुटपुंजी आली. त्यानंतर त्या देशाने बंद व्हायच्या इतर काही जुन्या केंद्रांची मुदत पुढे ढकलली.